बी.एड. करावं का? खर्चाचा हिशेब मांडलाय, चुकला असेल तर सांगा

पेटीवाला:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. राजापूर तालुक्यात नाटे गावाजवळ राहतो. घरची थोडी आंब्याची कलमं आहेत. ती आणि करारावर घेतलेली मिळून सिझनला पेट्या भरतो, उरलेलं वर्ष टेम्पो. बायको २९ वर्षांची, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि ओबीसी आहे (आरक्षणाचा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो). जवळच्या एका इंग्रजी शाळेत शिकवते. पगार ७,५००, तोही वर्षाचे दहाच महिने. मुलगी चार वर्षांची.

तिला बी.एड. करायचंय. मी नाही म्हणत नाही, पण कलम लावतानासुद्धा माणूस विचारतो की फळ कितव्या वर्षी. म्हणून वहीत हिशेब मांडला:

कॉलेजची फी, जिथे चौकशी केली तिथली, वर्षाला ४०,००० धरून दोन वर्षांचे ८०,०००.
रत्नागिरीत खोली भागीदारीत आणि मेस, महिना ५,५००, वीस महिन्यांचे १,१०,०००.
पुस्तकं, टाचणवह्या, चार्ट, साड्या, झेरॉक्स, २०,०००.
बुडालेला पगार दोन वर्षांचा, १,५०,०००.
एकूण ३,६०,०००.

आता परतावा. तीच शाळा म्हणते, बी.एड. झाल्यावर साडेदहा हजार देऊ. म्हणजे वर्षाला ३०,००० जास्त. वसूल व्हायला बारा वर्षं! सरकारी लागली तर हायस्कूलच्या शिक्षण सेवकाचे (पहिली तीन वर्षं मानधनावरचा शिक्षक) १८,००० महिना, म्हणजे आत्तापेक्षा वर्षाला १,४१,००० जास्त, अडीच वर्षांत पैसे वसूल. प्रश्न एवढाच की बारा वर्षं की अडीच? रोख लागणारे दोन लाख सोनेतारण काढून भरायचा विचार आहे. जाणकारांनी डोळे उघडावेत.

हिशेबी (चिपळूण):
धाग्यात आकडे आणलेत, आधी धन्यवाद. इथे एरवी ‘करू का नको’ विचारून लोक गायब होतात.

तुमच्या वहीत तीन दुरुस्त्या.

पहिली फी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी आहे. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सीईटी (प्रवेश परीक्षा) देऊन कॅप फेरीतून (सरकारी केंद्रीय प्रवेशातून) झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर विसरा. लग्न झालेली, मूल असलेली बाईसुद्धा यात ‘मुलगी’च. तेव्हा ८०,००० ची ओळ खोडा. कॉलेज इतर नावांखाली जे घेईल ते वेगळं, त्याचे दहा-बारा हजार ठेवा. माफी महाडीबीटीवर (सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) अर्ज केल्यावरच मिळते आणि कॉलेज ‘आधी भरा, मग परत देऊ’ म्हणण्याची शक्यता बरीच.

दुसरी, सोनेतारण. डिग्री होईपर्यंत कमाई शून्य आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू. दोन लाखांना दहा टक्के धरा, पाच वर्षं नोकरी लागली नाही तर व्याजाचेच एक लाख. हे तुमच्या वहीत कुठेच नाही. शैक्षणिक कर्ज ४ लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं आणि अभ्यासक्रम संपून साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही. बँकवाला बी.एड. म्हटल्यावर नाक मुरडेल, तरी मागून बघा.

तिसरी सगळ्यात मोठी. तुम्ही बारा वर्षं आणि अडीच वर्षं असे दोन आकडे शेजारी ठेवलेत, जणू काही नाणं उडवायचंय. मधली वाट पाहण्याची वर्षं कुठे आहेत? त्यावर भोगलेली माणसं लिहितीलच.

टेट हुकलेला:
हाक मारलीत म्हणून आलो.

आधी नवख्यांसाठी, कारण नावांचा घोळ आहे. टीईटी म्हणजे पात्रता परीक्षा, १५० पैकी ९० मिळवले की पास, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. पहिली ते आठवीसाठी लागते आणि २०२१ पासून प्रमाणपत्र आजन्म चालतं. टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुण, दोन तास, कॉम्प्युटरवर. नोकरी मिळते ती या दुसरीच्या गुणांवर, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून. टीईटी पास होऊन घरी बसलेले माझ्या एकट्याच्या गावात पाच आहेत.

आता गंमत बघा. टेट झाली कधी? डिसेंबर २०१७. मग थेट फेब्रुवारी-मार्च २०२३. मग मे-जून २०२५. मी बी.एड. झालो २०१८ च्या उन्हाळ्यात. सहा महिन्यांनी गाडी चुकली आणि पुढची गाडी पाच वर्षांनी आली. ज्यांनी २०१७ ची दिली त्यांचीही यादी ऑगस्ट २०१९ ला लागली. २०२३ वाल्यांची फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणजे परीक्षा ते यादी एक ते पावणेदोन वर्षं.

ती पाच वर्षं मी देवरुखात क्लास घेतले, इलेक्शनची यादी तपासायची कामं केली, दोन वर्षं एका हायस्कूलला तासिकेवर जात होतो. तासिकेचे पैसे मार्चअखेर एकदम मिळायचे, ते डिसेंबरातच उधारीत संपलेले असायचे. लग्न लांबलं. वहीत या गोष्टीला रकाना नसतो.

२०२३ ची दिली, लागलो. रडगाणं गात नाहीये. पण तुम्ही ‘अडीच वर्षांत वसूल’ लिहिलंत ना, ते घड्याळ डिग्रीच्या दिवशी सुरू होत नाही. ते नेमणुकीच्या दिवशी सुरू होतं.

पेटीवाला:
बाप रे. म्हणजे आमची २०२६ ला प्रवेश घेईल, २०२८ ला सुटेल, ३१ वर्षांची होईल. मग टेट कधी होईल ते परमेश्वर जाणे. वयाची अट किती असते?

हिशेबी (चिपळूण):
खुल्याला ३८, मागासवर्गीयांना ४३. तुमच्या घरात बारा वर्षांची सवड आहे. पण जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर आजच अर्ज करा. माहेरच्या नावाचे कागद, सासरचं नाव, राजपत्र, या भानगडीतच सहा महिने जातात.

कुडाळचो झिल:
धागो वाचलंय. माझी गजाल आयका. मी डी.एड. केलंय २००९ साली. तेव्हा बारावीक बरे मार्क असले तरी डी.एड.क नंबर लागताना घाम फुटा. घरात आजयेन गूळ-खोबरा वाटल्यान, झिल मास्तर होतलो म्हणान. २०१० ची शिक्षक भरतीची सीईटी दिलंय, दोन मार्कांन गेलंय. मगे २०११ ची पटपडताळणी, म्हणजे शाळांतल्या पोरांची मोजणी, इली, पुढच्या वर्साक भरतीच बंद. आता रिक्षा चलवतंय. चतुर्थीक चाकरमानी इले की बरे पैसे गावतत.

आता प्रमाण मराठीत, नायतर ॲडमिन ओरडतले. सांगायचं हे की मी मूर्ख नव्हतो. माझा हिशेब त्या दिवशी अगदी बरोबर होता. त्याआधीच्या दहा वर्षांत आमच्या वाडीतले चौघे डी.एड. करून मास्तर झाले होते, चौघांनी चिऱ्याची घरं बांधली. मी त्यांचं बघून गेलो आणि माझ्यामागून सगळा जिल्हा गेला. कॉलेजं निघाली पावसाळ्यातल्या अळंब्यांसारखी. जेव्हा सगळे जण एकाच बंदरात होड्या घालतात तेव्हा मासळीचा भाव काय होतो ते नाट्याच्या माणसाला मी काय सांगू?

गोदाकाठ:
मी परभणीचा. २०२४ च्या यादीत रत्नागिरी जिल्हा परिषद मिळाली, संगमेश्वर तालुक्यात वरच्या अंगाच्या एका वाडीत आहे. शाळेचा पट नऊ. नऊ लेकरं आणि दोन शिक्षक, त्यातला एक मी.

इथल्या लोकांच्या मनात आमच्याबद्दल राग आहे हे मला माहीत आहे. ‘घाटावरचे येतात, जागा अडवतात, आंतरजिल्हा बदली घेऊन जातात, शाळा रिकाम्या पडतात.’ खोटं नाही ते. माझ्या आधीचे सर बदलीनं गेले आणि वर्षभर जागा रिकामी होती. पण गुणवत्ता यादी राज्याची आहे आणि माझ्याकडं अडीच एकर कोरडवाहू. मी तरी काय करू?

तुमच्या हिशेबासाठी माझे आकडे घ्या. मी प्राथमिकला, पहिली ते पाचवीला आहे, त्यामुळं मानधन १६,०००. जानेवारी २०२३ च्या आधी हेच ६,००० होतं, तेव्हा आमच्या आधीच्यांनी कसं भागवलं त्यांचं त्यांना ठाऊक. खोलीभाडं २,०००. गाडीचं पेट्रोल, कारण वाडीला एसटी एकच आणि तीही नदीला पाणी आलं की अलीकडूनच फिरते. गावी वर्षातून तीनदा जाणं-येणं. घरी पाठवायला पाच हजार उरतात. तीन वर्षं असंच. त्यानंतर मूळ पगार २९,२०० आणि वर महागाई भत्ता. तेव्हा ‘नोकरी लागली’ हा शब्द तीन वर्षं उधारीवर वापरायचा असतो.

आणि एक बोचणारी गोष्ट. जुलै २०२३ मध्ये रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांना महिना २०,००० देणार होते. पेन्शन चालू असलेल्या माणसाला वीस आणि नव्या पोराला सोळा. हे मी कुणावर चिडून लिहीत नाही, फक्त आकडे शेजारी ठेवले.

खडूधूळ:
मी गुहागरकडची, निवृत्त मुख्याध्यापिका. गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात कालवलं. आमच्या वाडीवर असता तर भाकरी-आमटीला बोलावलं असतं.

पेटीवाले भाऊ, एक मुद्दा अजून कुणी मांडला नाही. बी.एड. वर आता पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला, त्या वर्गांना डी.एल.एड.च (पूर्वीचं डी.एड.) हवं. म्हणजे तुमच्या सौभाग्यवतींसाठी जागा सहावीपासून वर. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक पाचवी नाहीतर सातवीपर्यंत. सातवीपर्यंतच्या शाळेतही सहावी-सातवी मिळून मुलं किती? माझ्या शेवटच्या वर्षी अकरा होती. १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवायच्या) निर्णयावर सगळ्या संघटना इतक्या का ओरडल्या? पट कमी म्हणून वरच्या वर्गांची पदंच उडतात, म्हणून. बापे माणसं मुंबईला, मागून बायका-मुलंही गेली, जी राहिली ती व्हॅनमध्ये बसून इंग्रजी शाळेत. दहावीच्या निकालात आपलं कोकण मंडळ दरवर्षी राज्यात पहिलं येतं, आणि त्याच कोकणात शाळेला कुलूप. काय म्हणावं.

मग राहिलं नववी-दहावीचं हायस्कूल. ती बहुतेक संस्थांची. तिथे पवित्रवरून मुलाखतीसह भरती होते. मुलाखतीत काय होतं ते इथे उघड लिहिणार नाही.

टेट हुकलेला:
ताई, तुम्ही नका लिहू, मी लिहितो. माझ्या नात्यातल्या एकाने एका संस्थेत जागेसाठी शेतजमिनीचा तुकडा विकून पैसे दिले. जागा विनाअनुदानित तुकडीवर. ‘अनुदान येईल’ या शब्दावर सात वर्षं बिनपगारी. मग २० टक्के आलं. शिक्षण खात्याच्या वैयक्तिक मान्यतेची फाईल दोनदा परत आली, शालार्थला (पगाराच्या ऑनलाईन यादीत) नाव चढायला अजून दीड वर्ष. आज त्याला पूर्ण पगार नाही आणि वय ४४. पेटीवाले, डोनेशनचा एक रुपयाही वहीत लिहू नका. लिहायची वेळ आली तर वही मिटा.

अलिबागकरीण:
सगळे सरकारीच बोलताय, म्हणून खाजगीतला अनुभव देते. मी आधी गावच्या शाळेत ९,००० वर होते. बी.एड. झाल्यावर तिथेच ११. मग पनवेलकडच्या एका सीबीएसई शाळेत मुलाखत दिली, गणितासाठी. ३४,००० वर घेतलं. आज सहा वर्षांनी ४६. सगळा खेळ ‘कुठे’ आणि ‘कुठला विषय’ यावर आहे. त्याच शाळेत मराठीच्या जागेला शंभरच्या वर अर्ज होते आणि गणिताला चौदा. त्यात धड इंग्रजीत शिकवू शकणारे तिघे. (आकडे शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी सांगितलेले, कमी-जास्त असतील.)

पण पनवेलला मी खोलीत राहते, नवरा अलिबागला, शनिवारी लाँचने नाहीतर रस्त्याने घरी. नाट्यात बसून ३४,००० मिळणार नाहीत. तुमच्या धाग्यात हा प्रश्नच नाही: ताई घर सोडून जायला तयार आहेत का, आणि तुम्ही?

शिवाय केंद्रीय शाळा आणि नवोदय विसरू नका. सीटीईटी (केंद्राची टीईटी) लागते, ती बी.एड. चालू असतानाही देता येते. पदवीधर शिक्षकाची सुरुवातच ४४,९०० मूळ पगारावर, मानधनाची तीन वर्षं नाहीत. सिंधुदुर्गात सांगेलीला नवोदय आहे. अर्थात नेमणूक देशात कुठेही.

कुडाळचो झिल:
सावंतवाडी-बांदा पट्ट्यातले लोक विचारतात म्हणून लिहितो, गोव्याच्या सरकारी शाळेची आशा धरू नका. तिकडे पंधरा वर्षांचा रहिवास आणि कोंकणी लागते. खाजगीत जाता येतं.

मीच ती:
नमस्कार. नवीन सभासद. धागाकर्त्यांची बायको.

ह्यांनी धागा काढलाय हे मला माझ्या शाळेतल्या मॅडमनी सांगितलं. त्या इथे वाचतात. काल रात्री सगळं वाचून काढलं. ह्यांना वाटतंय मी झोपलेय.

हिशेबात बुडालेला पगार दीड लाख धरलाय, बरोबर आहे. पण मार्च ते मे मी पहाटे पाचला उठून पेट्या भरते. आंबा निवडणं, वजनावर लावणं, गवत घालणं, डझनाचे नंबर टाकणं, मुंबईच्या दलालाचे फोन, विक्रीची पट्टी आली की मेळ घालणं. बाहेरची बाई याला रोजाचे ५०० घेते आणि तिला हिशेब येत नाही. साठ दिवसांचे तीस हजार झाले. हे कुठे आहेत? मी बी.एड. ला गेले तर हे पण बुडणार आहेत. कारण बी.एड. ची हजेरी ८० टक्के, इंटर्नशिपला ९० टक्के, आणि सेमिस्टरची परीक्षा एप्रिल-मेमध्ये म्हणजे बरोब्बर सिझनला. ह्यांच्या पोटात खरा गोळा त्याचा आहे, सोन्याचा नाही. सोनं माझंच आहे.

दुसरं. शाळा साडेदहा देऊ म्हणते ते खरं नाही. आमच्याकडच्या बी.एड. झालेल्या मॅडमना नऊच देतात, सही साडेदहावर घेतात.

मला सरकारी लागेलच असं माझ्या डोक्यात नाही. सातवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवताना मला कळतं की मुलं कुठे अडतात, पण का अडतात ते कळत नाही. ते शिकायला जायचंय. आणि हो, पगारही हवा आहे. दोन्ही हवंय म्हटलं की लोक आधी दुसरं ऐकतात.

हिशेबी (चिपळूण):
ताई, नमस्कार. तीस हजारांची ओळ माझ्याही नजरेतून सुटली. खातेवही लिहिणाऱ्या माणसाला लाज वाटावी अशी चूक.

खडूधूळ:
सही साडेदहावर आणि हातात नऊ! माझ्या काळीही असं चालायचं, फक्त आकडे तीनआकडी असायचे.

मुली, बी.एड. मध्ये अपूर्णांक का अडतो ते कळेल अशी फार आशा धरू नकोस. सूक्ष्म अध्यापन, पाठ, टाचणं, प्रकल्प यात वर्ष निघून जातं. सजवलेले चार्ट बघून निरीक्षक खूश. पण इंटर्नशिपचे वीस आठवडे असतात, तिथे चांगला शिक्षक मार्गदर्शक मिळाला तर त्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून राहा. मी जे शिकले ते असंच, दापोलीकडच्या एका गुरुजींच्या वर्गात. ते चिंचोके आणि सुपारीची खांडं घेऊन अपूर्णांक शिकवायचे.

गोदाकाठ:
ताई, तुमचा विषय गणित आहे ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. टेटचा बराचसा पेपर बुद्धिमत्ता आणि गणिताचाच. आमच्या यादीत जे वर होते त्यातले बहुतेक जण गणितात तयार होते. डिग्रीची वाट न बघता आजपासून रोज दीड तास द्या. त्याला फी नाही, हॉस्टेल नाही.

पेटीवाला:
पकडला गेलो.

सगळ्यांसमोर सांगतो, सिझनची भीती आहे. गेल्या वर्षी थ्रिप्स किडीने अर्धा मोहर नेला, आधीच हातात काही नाही. पण ती म्हणते ते खरं आहे, पेट्यांचा हिशेब तीच बघते, मी फक्त गाडी हाकतो. आज सकाळी वही पुन्हा उघडली, दोघांनी बसून. नवीन हिशेब असा:

फी माफी मिळाली तर १२,००० इतर शुल्क.
हॉस्टेल नको म्हणते, मुलगी लहान आहे. पूर्णगड-पावस मार्गे रोज एसटीने जाईल. विद्यार्थी पासला सवलत ६६.६७ टक्के, बायकांच्या अर्ध्या तिकिटापेक्षाही स्वस्त पडेल. दोन वर्षांचे २०,००० धरले, चुकलेल्या गाडीचे वडापचे पैसे धरून.
पुस्तकं-वह्या २०,०००.
बुडालेला पगार १,५०,०००. पेट्यांची मजुरी दोन सिझनची ६०,०००.
एकूण २,६२,०००. त्यातले खिशातून जाणारे ५२,००० च. म्हणजे सोनं तारण ठेवायची गरज नाही, ते मागे घेतो.

परतावा: गावातली शाळा नऊ हजार देणार, वर्षाला १५,००० जास्त. साडेसतरा वर्षं! ही ओळ लाल शाईने खोडली. मागे राहिल्या दोन ओळी, सरकारी नाहीतर बाहेरगावची मोठी शाळा. दोन्हींत घर हलवायचा प्रश्न आहे. त्यावर आम्ही दोघं अजून बोललो नाही.

टेट हुकलेला:
एक पुस्ती. सरकारी लागलंच तर मानधनाची तीन वर्षं धरून पुढे हायस्कूलला मूळ ३८,६००. भत्ता मूळ पगाराच्या निम्म्याहून जास्त आहे, म्हणजे हातात बऱ्यापैकी येतं. पण जुनी पेन्शन नाही, १ नोव्हेंबर २००५ नंतरच्या भरतीतल्यांना ती नसते. ते म्हातारपणीचं डोक्यात ठेवा. आणि टीईटी लवकर काढा. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर वीस-वीस वर्षं शिकवणारे सुद्धा दोन वर्षांत टीईटी काढायला पुस्तकं घेऊन बसलेत, माझे मुख्याध्यापक त्यात आहेत. रोज संध्याकाळी मला बालमानसशास्त्र विचारतात.

अवांतर: ‘न येता बी.एड., परराज्यातली डिग्री, पेपर घरी’ अशा जाहिराती एसटी स्टँडवर चिकटवलेल्या असतात. त्यातून आलेल्या दोघांची कागदपत्रं पडताळणीत अडकलेली मी बघितली आहेत.

अलिबागकरीण:
पेटीवाले दादा, घर हलवायचं एकदम ठरवू नका. माझ्या वेळी आम्ही ठरवलं होतं की दोन वर्षं बघू. सहा झाली. मध्ये एकदा नोकरी सोडायला निघाले होते, मुलाला डेंग्यू झाला तेव्हा. सासूबाईंनी सोडू दिली नाही.

मीच ती:
अलिबागच्या ताई, सासूबाईंचा नंबर द्या, आमच्याकडे बोलायला लावते. (गंमत.)

सीईटी चा फॉर्म भरला. शंभर प्रश्न आहेत, दीड तास, चुकलेल्याचे गुण कापत नाहीत. ह्यांनी पैसे ऑनलाईन भरले आणि पावती वहीत चिकटवली. पहिली ओळ खर्चाची तीच.

एक अडचण. शाळेने सांगितलंय, परीक्षेच्या दिवशी रजा घेतली तर पगार कापू.

कुडाळचो झिल:
कापूंदेत. २५० रुपये. वहीत लिवा.

खडूधूळ:
नॉन क्रिमीलेयर दाखला बघून घे गो. ३१ मार्चला संपतो. प्रवेशाच्या वेळी नवा हवा, आणि तहसीलला त्या महिन्यात हीऽऽ रांग असते.

पेटीवाला:
उद्याच राजापूरला जातोय, टेम्पोला तिकडचं भाडं आहे. कुठले कुठले कागद लागतात, कोणी टाकेल का?